बिनचिठ्ठीचे डबे

३ ऑगस्ट, सोमवार

आज सकाळी दाढी करताना एक आवाज आठवला. पत्र्याच्या डब्याचं झाकण नीट बसलेलं नसलं की चालताना वाजतं, तसा. आधी खण्, मग लगेच बारीकसं खुळ्. आत पाणी आणि पाण्यात मासे. अडतीस वर्षांपूर्वी गल्लीच्या टोकाला हा आवाज आला की माझी बहीण, धाकटी, चहाचं आधण ठेवायची आणि मी शर्टाची बटणं लावायला घ्यायचो. खंड्या आला म्हणजे मासे आले, आणि मासे आले म्हणजे माझं काम आलं.

खंड्या म्हणजे धाकटीचा नवरा. पाण्यात त्या पक्ष्यासारखा सूर मारायचा, म्हणून हे नाव. आमच्या मत्स्यसंस्थेसाठी तो तीन पाण्यांवरून मासे आणी: खाडी, तळं आणि धबधब्याच्या माथ्यावरचा, वरचा डोह. मी ते मासे फाडून त्यांच्या अंगातले जंत टिपायचो, बाटल्यांत भरायचो, चित्रं काढायचो. अकरा वर्षं आम्ही दोघांनी हे केलं. मग एका पावसाळ्यात तो वरच्या डोहात बुडाला. मी मत्स्यदालन सोडलं आणि अंगणापलीकडच्या ग्रंथालयात बदली मागून घेतली. तिथूनच निवृत्त झालो.

आवाज आठवायचं कारण म्हणजे कालचं पत्र. संस्थेत नव्या आलेल्या शास्त्रज्ञ बाईंनी पाठवलंय. उष्ण पाण्यातल्या माशांत कुठले जंत कुठे राहतात, कुठल्या किनाऱ्याला किती जाती, असा मोठा नकाशा त्या करताहेत. आमच्या जुन्या बाटल्या त्यात घ्यायच्या आहेत, पण एका जंतापाशी त्यांचं अडलंय. ‘या नोंदी तुमच्या हातच्या आहेत, काका. आपण आलात तर उलगडा होईल.’

धाकटीला वाचून दाखवलं. म्हणाली, जा, तुझे जंत तुझी वाट बघत असतील. ती थट्टेत म्हणाली की कसं, ते तिच्याकडे पाहून कळेना. पण म्हातारपणी कुणी बोलावतं म्हणजे काय, हे या वयाला पोचल्याशिवाय समजायचं नाही. नवी वही काढली.

५ ऑगस्ट, बुधवार

मत्स्यदालनाचा वास तसाच आहे. डोळ्यांत आधी शिरतो, नाकात नंतर. किल्लीवाल्याने दार उघडलं. माझ्यानंतर दहा वर्षांनी तोही निवृत्त व्हायचा, पण तेवढ्या कुलपांच्या किल्ल्या दुसऱ्या कुणाला ओळखता येत नाहीत, म्हणून ठेवून घेतलंय.

भिंतीवर माझा नकाशा आहे. रंग उडालाय, टाचण्या गंजल्यात. खाडीवर लाल, तळ्यावर पिवळ्या, डोहावर निळ्या. बरण्यांतले मासे पांढरे पडलेत आणि त्यांचे डोळे शिजवल्यासारखे दिसतात. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, दाराकडे. आपणच तसे ठेवले होते, हे मला मागाहून आठवलं.

बाई माझ्या नातीच्या वयाच्या असतील. फार अदबीने बोलल्या. अडलंय ते असं: एक चपटा जंत आहे, भाताच्या शितापेक्षा लहान. त्याचं अंडं बगळ्याच्या विष्ठेतून पाण्यात पडतं, पिल्लू एका बारीक गोगलगाईत वाढतं, तिथून माशाच्या कल्ल्यात शिरतं, मासा बगळा खातो, आणि पुन्हा पहिल्यापासून. ती गोगलगाय फक्त खाऱ्या पाण्यात जगते. आणि माझ्या नोंदींत हा जंत डोहातल्या माशांत सव्वीस वेळा सापडलाय.

मी अभिमानाने म्हणालो की त्यावरच तर आमच्या तेव्हाच्या संचालकांनी निबंध लिहिला होता, की हा जंत गोड्या पाण्यातही नांदतो. शेवटी माझे आभार मानले होते.

बाई म्हणाल्या, "मी दोन वर्षं त्या डोहाचे मासे फाडतेय, काका. दोनशेच्या वर झाले. एकातही नाही. बगळा उडत वर जाईल, पण गोगलगाय धबधबा कशी चढेल?"

येताना वाटेत वाटलं की जंताचं आयुष्य म्हणजे शाळेत गुरुजी घोळवून घ्यायचे तशी कविता आहे. तीन कडवी आणि प्रत्येकानंतर तेच ध्रुवपद. एक कडवं गळलं की चाल मोडते. डोहाचं मधलं कडवं गळलंय.

६ ऑगस्ट, गुरुवार

दिवसभर डोहाच्या बरण्या बाहेर काढल्या. माझं त्या वेळचं अक्षर किती सुरेख होतं! जाड कागदावर पेन्सिल, कारण मासे टिकवायच्या अर्कात शाई विरघळते. ‘वरचा डोह. कातळाखालचे काळे पाणी.’ एवढं लिहायची गरज नव्हती, पण मला राहवायचं नाही. रात्री जेवताना मी खंड्याला डोहावरच्या कविता म्हणून दाखवायचो. शाळेतल्या, आणि काही माझ्याही. बुडलेल्या देवळाची होती, तळातून कोणी हाका मारतं ती होती. तो हातात घास तसाच धरून ऐकत राहायचा. असा श्रोता मला पुन्हा मिळाला नाही.

त्याला लिहितावाचता येत नव्हतं. म्हणून चिठ्ठ्या मीच करून द्यायचो, प्रत्येकीला दोरा. दोऱ्याला एक गाठ म्हणजे खाडी, दोन म्हणजे तळं, तीन म्हणजे डोह. जिथे जाईल तिथली चिठ्ठी डब्यात टाकायची, इतकं सोपं. माझी ही युक्ती संस्थेत वाखाणली गेली होती.

त्याला मात्र नवल वाटायचं ते सूक्ष्मदर्शकाचं. एकदा मी त्याला म्हणालो होतो की चिठ्ठी आपली रीत म्हणून, नाहीतर माशाच्या पोटातच त्याच्या गावाचा पत्ता असतो, तो मला वाचता येतो. त्याने पुन्हा एकदा भिंगाला डोळा लावून पाहिलं. मग म्हणाला, "मग तुला सगळंच कळत असेल, दादा." मी म्हणालो, सगळंच.

१० ऑगस्ट, सोमवार

सव्वीसच्या सव्वीस बरण्या तपासून झाल्या. प्रत्येक माशात खाडीचा जंत. आणखीही निघालं: कल्ल्यांत खाऱ्या पाण्याच्या उवा, आतड्यात काटेरी तोंडाचे जंत, तेही खाडीचेच. बाई एकेक निळी टाचणी काढून वाटीत टाकत होत्या. टाचणी निघाली की भिंतीत बारीक काळं भोक राहायचं.

शेवटची निघाल्यावर त्या म्हणाल्या, "काका, चिठ्ठ्या कधी लिहायचात तुम्ही?"

"आधी. तो निघायच्या आधी."

किल्लीवाल्याने खिडकी लावून घेतली, वारा नसताना.

घरी आलो तेव्हा धाकटी भाजी निवडत बसली होती. काय निघालं, म्हणाली. मी म्हटलं, जुनं सामान आहे, वेळ लागेल.

११ ऑगस्ट, मंगळवार

चिठ्ठीवर असतं ते पाठवणाऱ्याच्या मनातलं ठिकाण. जाणारा कुठे गेला ते चिठ्ठीला कुठून कळणार?

शेवटचा डबा डोळ्यांपुढून हलत नाही. त्या पुराच्या दिवसांत एका ट्रकवाल्याने तो फाटकाशी ठेवला आणि निघून गेला. कुठून आणला, हे त्याला कुणी विचारलं नाही. चिठ्ठी होती ना. तीन गाठींची. खंड्या मागून आला नाही, तेव्हा ती चिठ्ठी मीच सगळ्यांना दाखवली. चार दिवस माणसं डोहात गळ टाकून तळ ढवळत होती. मग मी कागदावर सही केली: वरच्या डोहात बुडून.

तो डबा सव्विसावा.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

आज जावं की नाही, असं चाललं होतं. गेलो.

किल्लीवाला वाट बघत होता. म्हणाला, दालनाचं सामान हलतंय, त्यात तेही जाणार, म्हणून विचारतो, त्या डब्यांचं काय करायचं? कुठले डबे, मी म्हटलं. त्याने मला दालनाच्या मागच्या खोलीत नेलं. फळीवर पत्र्याचे चौदा डबे, वितळलेल्या कथलाची डाख लावून बंद केलेले. प्रत्येकावर त्याने आल्याची तारीख खडूने घातलेली. पहिला आला होता खंड्या गेल्यावर सात महिन्यांनी.

बिनचिठ्ठीचेच टपालाने येतात, म्हणाला, जहाजाच्या शिक्क्याचे. एखाद्या वर्षी येतो, एखाद्या वर्षी नाही. आत चिठ्ठी नाही हे कसं कळलं, असं मी विचारलं. त्याने डबे फिरवून दाखवले. डाखेतून दोऱ्याचं एक टोक बाहेर सोडलेलं, त्याला कोरा कागद. अक्षर एकही नाही.

"उघडले का नाहीत इतक्या वर्षांत?"

त्याने दारावरच्या पाटीकडे बोट केलं. माझंच अक्षर. ‘चिठ्ठी नाही तो नमुना नाही. उघडू नये.’

"नियम तुमचाच होता, साहेब," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

डब्यांवर संस्थेचा पत्ता होता. पहिल्यावर छापलेला, कारण तो आमचाच डबा होता. पुढच्यांवर रंगाने. नीट पाहिलं तर ती अक्षरं लिहिलेली नव्हती, काढलेली होती, कुणी पानाफुलाचं चित्र काढावं तशी. मूळ डब्यावर एका अक्षरापाशी पोचा आला होता. तेराच्या तेरा डब्यांवर त्या जागी तशीच एक छोटी सावली रंगवलेली.

१८ ऑगस्ट, मंगळवार

बाईंनी डाख कापली. मी दोरे धरले होते.

पहिल्या डब्याच्या दोऱ्याला चार गाठी. दुसऱ्याच्या पाच. तिसऱ्याच्या सहा. आमच्याकडे तीनच पाणी होती.

मासे अर्कात बुडवलेले, शाबूत, पण आमच्याकडचे नव्हेत. चौथ्या गाठीचा पिवळ्या पट्ट्यांचा, पाचवीचा पोपटासारख्या चोचीचा. बाईंनी दोघांचीही तोंडं उघडली तर आत जीभ नव्हती. जिभेच्या जागी एक फिकट, कवच असलेला जीव बसलेला, पाय आवळून, तोंडाबाहेर पाहत. मी हे फक्त पुस्तकात वाचलं होतं. लहानपणी तो कल्ल्यातून शिरतो, जिभेचं रक्त पीत राहतो, जीभ वाळून जाते, आणि मग तोच जीभ होऊन बसतो. मासा त्याच्यानेच जेवतो. सहाव्या गाठीच्या माशातही तसाच, जात वेगळी. सातव्यातही. एका ओळीत चार तोंडं उघडी ठेवली, आणि चौघांतूनही कुणीतरी माझ्याकडे बघत होतं.

मला तिथून उठावंसं वाटलं. बाई मात्र जंत मोजत सुटल्या. एकेका माशात नऊ-दहा जाती. उथळ, उबदार पाणी, पोवळ्यांचे खडक. जसजसं त्या पट्ट्यात शिरावं तशी जंतांची गर्दी वाढते, त्या म्हणाल्या. त्यांनी जगाचा नकाशा पसरला. हा जंत फक्त अमुक बेटांभोवती मिळतो, हा त्या सामुद्रधुनीच्या पूर्वेला. चौथी गाठ इथे. पाचवी त्याच्या खाली. सहावी आणखी दूर.

माझ्या मनात आलं ते बोललो नाही. बुडालेला माणूस तळाने चालत निघालाय, खाडीतून समुद्रात, आणि प्रत्येक पाण्यात थांबून एक गाठ मारतोय.

बाईंनी नकाशावरून नजर काढून माझा चेहरा पाहिला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "काका, डब्याला डाख लावायला विस्तव लागतो."

लागतोच. ते मला का सांगितलं, कोण जाणे.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

तेरा डबे झाले. चार गाठींपासून सोळा गाठींपर्यंत. नकाशावर टाचण्यांना दोरा लावला तर तो लांब जातो, दोन ठिकाणी वर्षानुवर्षं रेंगाळतो, आणि अकराव्या गाठीनंतर वळतो. सोळावी गाठ आमच्यापासून आठवड्याच्या प्रवासावर.

मला आता सावध झोप लागते आणि दिवसाही खण्-खुळ् ऐकू येतं. आज ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर ऐकलं. मागे वळलो तर माळी झारी घेऊन चालला होता.

चौदावा डबा शेवटी उघडला. खडूची तारीख गेल्या चैत्रातली. त्यावर जहाजाचा शिक्का नाही. रुपेरी मासा, हाताएवढा. हा मी डोळे मिटून ओळखला असता. कल्ल्यात तो चपटा जंत, भाताच्या शितापेक्षा लहान.

दोऱ्याला एकच गाठ.

बाईंनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, फार वेळ भिंगातून पाहिल्याने येतं तसं. "आता घरी सांगा, काका," म्हणाल्या.

२२ ऑगस्ट, शनिवार

सांगितलं. स्वयंपाकघरात, उभ्यानेच. डबे, गाठी, सगळं. शेवटी म्हटलं की यात काहीतरी अघटित आहे, कुणीतरी माझ्यावर सूड घेतंय, जिवंत की मेलेलं ते कळत नाही.

धाकटीने गॅस बंद केला. चौदाही डबे कधी कधी आले त्या तारखा विचारल्या. मी वहीतून वाचल्या. ती बोटांवर काहीतरी मोजत होती.

मग म्हणाली, "तो डोहाला भ्यायचा, दादा. पाण्याचा तळ दिसला नाही की त्याचे पाय गळायचे. एकदाही गेला नाही तिथे."

मी म्हटलं, मला कधी बोलला नाही.

"बोलणार कसा? तू चिठ्ठी आधीच लिहून ठेवलेली असायची. आणि जेवताना त्या कविता. त्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही. तुला वाटायचं रंगलाय."

मी खाली बसलो. तिने पाणी दिलं. पुढचं बोलताना तिचा आवाज जराही चढला नाही, तो चढायला हवा होता.

"त्या चार दिवसांत मी तुला म्हणाले होते, खाडी बघा. सगळ्यांसमोर म्हणाले होते. तू म्हणालास, चिठ्ठीवर डोह आहे."

मला हे आठवत नाही, असं मी तिला सांगितलं. खरं तर आठवतं. ती फाटकापाशी उभी होती, ओल्या पदराने, आणि मी तिच्यापुढे चिठ्ठी धरली होती.

"पत्र का नाही लिहून घेतलं कुणाकडून?" मी विचारलं.

"त्याला काय गरज? त्याने मासे पाठवले. तुला सगळंच कळतं ना."

२४ ऑगस्ट, सोमवार

धाकटीने पिशवी भरली आहे. गुरुवारी सकाळच्या गाडीने खाडीवर जायचं म्हणते. मी म्हटलं, एका गाठीवरून कसं निघायचं, बाईंना आणखी दोन मासे तपासू देत, खात्री होऊ दे. ती म्हणाली, तू तपासत बस, मी जाते. कितीतरी वर्षांनी तिने आरशापुढे उभं राहून केस विंचरले. सत्तरीची बाई, पण मागून पाहिलं तर तीच.

मला तिच्याबरोबर जायला भीती वाटते. तो तिथे नसेल तर तिला काय सांगू, आणि असेल तर त्याला काय सांगू? बुडाला म्हणून सही केलेल्या माणसाला पहिलं वाक्य काय बोलतात, ते कुठल्याच पाठात नव्हतं.

तिची आणखी एक गोष्ट आज लक्षात आली. आमच्या दाराला आतली कडी नाही. मला वाटायचं ती तुटलीय. धाकटीला विचारलं तर म्हणाली, मीच काढली, कधीची.

२६ ऑगस्ट, बुधवार

दुपारचे तीन वाजले असतील. मी ओसरीवर बसून चिठ्ठ्यांचे कोरे कागद कापत होतो. बाईंना हवे होते म्हणून, आणि हातांना काहीतरी हवं म्हणून. गल्लीच्या टोकाला आवाज झाला.

खण्. मग खुळ्.

मी मान वर केली नाही. हल्ली ऐकूच येतं. पण स्वयंपाकघरात धाकटीच्या हातातलं भांडं थांबलं. इतके दिवस हा आवाज मला एकट्याला ऐकू यायचा.

खण्, खुळ्. भिंतीकडेने. पायरीवर. दार लोटलेलंच होतं, ते उघडलं.

तो नव्हता. तिशीतली एक बाई होती. उन्हाने रापलेली, पायांत समुद्रावरच्या जाड चपला, हातात पत्र्याचा डबा. एका पायावर भार टाकून उभी राहिली, आणि ते उभं राहणं ओळखून मी कात्री खाली ठेवली. नाक त्याचं. बोलायच्या आधी खालचा ओठ आत घ्यायची सवय त्याची. आमची भाषा ती अडखळत बोलली, एकाच माणसाकडून शिकलेली, जुन्या वळणाची. त्याची.

"मामा तुम्हीच ना?"

धाकटी माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. माझ्या मानेवर तिचा श्वास लागत होता. मामा म्हणजे आईचा भाऊ. तो शब्द तिनेही ऐकला. मुलगी दुसऱ्या कुणाच्या पोटची, पण त्याने तिला नातं धाकटीकडूनचं शिकवलं होतं. मग माझ्या खांद्यावरून तिचा हात पुढे आला आणि तिने त्या मुलीच्या हातातला डबा धरला, जड वस्तू घेतो तसा, खालून आधार देऊन.

"बाबांनी पाठवलंय," मुलगी म्हणाली. "स्वतः यायला भितात. म्हणाले, आधी डबा ने. चिठ्ठी मामा लिहितील."

डब्याबाहेर दोऱ्याचं टोक लोंबत होतं, कोऱ्या कागदासकट. मी ते बोटांत धरून चाचपलं. सबंध दोरा सरकवून पाहिला. गाठ नव्हती.

पेन्सिल माझ्या कानावरच होती. सवयीने ती हातात आली, कागदावर टेकली, आणि पहिलं अक्षर आपोआप उमटायला लागलं. खाडीचं. मी पेन्सिल उचलली. दोघी माझ्याकडे बघत होत्या.

"कुठून आणलास?" मी विचारलं.